पाच रुपयांची बस: बेस्टच्या भाडेकपातीचा हिशेब

कोविडच्या आगेमागे मुंबईतल्या बेस्ट बससेवेच्या चालक-वाहकांना पगाराचा काही भाग चिल्लरीत मिळत होता. बरीच रक्कम खात्यात आणि उरलेली पाच-दहाच्या नाण्यांच्या पिशवीत. आगारांत रोज जमा होणारी नाणी बँकेत भरण्याची सोय पुरेना, ढीग साचत गेले, तेव्हा उपक्रमाने ते पगारातून वाटायला सुरुवात केली. कामगार वैतागले, आणि ते साहजिकच होतं. घराचा हप्ता नाण्यांत कोण घेणार?

मला ती चिल्लर वेगळ्याच कारणासाठी आठवते. ९ जुलै २०१९ पासून बेस्टने किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणलं. लोकांनी त्याला काय कौल दिला, ते त्या पिशव्यांतून दिसतं. शहरी बससेवा कशी सुधारावी यावर आपल्याकडे परिसंवाद भरपूर होतात. पण भाडं एकदम खाली आणलं तर काय होतं, याचा मोठ्या शहरातला प्रत्यक्ष प्रयोग मुंबईने केला. तो अर्धा जमला आणि अर्धा फसला. कुठल्या जागी फसला हे पाहण्यासाठी हे टिपण.

आठ रुपयांपर्यंतचा प्रवास

मुंबईत पहिली बस धावली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. ७ ऑगस्ट १९४७ ला पालिकेने ही बस आणि वीज चालवणारी खासगी कंपनी ताब्यात घेतली आणि तिचा बेस्ट उपक्रम झाला. उपक्रम पालिकेचा, पण अर्थसंकल्प वेगळा. जुने कर्मचारी अजूनही 'अ' आणि 'क' अर्थसंकल्प अशा भाषेत बोलतात: पालिकेचा 'अ', बेस्टचा 'क'. हा अक्षरांचा फरक वाटतो तेवढा कारकुनी नाही. शहराचे रस्ते, गटारं, बागा 'अ'मध्ये येतात, त्यांना कोणी नफा विचारत नाही. बस 'क'मध्ये येते, म्हणून तिला दरवर्षी तोट्याचा जाब द्यावा लागतो.

अनेक वर्षं हा तोटा विजेने सांभाळला. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज बेस्ट विकते, त्या शिलकीतून बस चालायची. पुढे तर परिवहनाची तूट वीजग्राहकांच्या बिलातून वसूल होऊ लागली. वीजग्राहकाने बसचा तोटा का भरायचा, हा प्रश्न गैर नव्हता, आणि शेवटी ही वसुली थांबली. तो आधार गेला, त्या जागी दुसरा काही आला नाही.

मग व्हायचं तेच झालं. फेब्रुवारी २०१५ मध्ये किमान भाडं सहाचं सात झालं, दोनच महिन्यांनी एप्रिलमध्ये आठ. तोटा होतो म्हणून भाडं वाढवायचं, भाडं वाढलं म्हणून प्रवासी घटायचे, प्रवासी घटले म्हणून फेऱ्या कमी करायच्या, फेऱ्या कमी झाल्या म्हणून आणखी प्रवासी जायचे. एसी बस तर एप्रिल २०१७ मध्ये बंदच कराव्या लागल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांचं किमान भाडं होतं वीस रुपये.

आता उपनगरातल्या प्रवाशाच्या जागी उभं राहून पाहा. त्याचा बसप्रवास बहुधा घर ते स्टेशन एवढाच असतो, दीड-दोन किलोमीटरचा. २०१९ मध्ये रिक्षाचं किमान भाडं दीड किलोमीटरला १८ रुपये होतं. तिघे मिळून बसले की माणशी सहा पडायचे. बसला आठ. म्हणजे सार्वजनिक वाहनापेक्षा मीटरची रिक्षा स्वस्त, शिवाय ती लगेच सुटते, थांबे घेत नाही, दारापर्यंत सोडते. एसी बसच्या वीस रुपयांत तर तिघांची रिक्षा होऊन वर दोन रुपये उरायचे. रेल्वे स्टेशनबाहेरचा प्रत्येक माणूस हा हिशेब मनातल्या मनात करतो, आणि बेस्टच्या कुठल्याही अहवालापेक्षा तो अचूक असतो.

एकेकाळी चाळीस लाखांच्या वर असलेली रोजची प्रवासीसंख्या २०१९ च्या मध्यापर्यंत निम्म्याच्या आसपास उतरली होती. त्याच वर्षी ८ ते १६ जानेवारी असा नऊ दिवसांचा संप झाला. त्यातली एक मुख्य मागणी होती 'क' अर्थसंकल्प 'अ'मध्ये विलीन करा. मागणी मान्य झाली नाही. मात्र नऊ दिवस बस नसताना शहराचं काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं.

निर्णय

मे २०१९ मध्ये प्रवीण परदेशी पालिका आयुक्त झाले. बेस्टच्या महाव्यवस्थापकपदी सुरेंद्रकुमार बागडे होते. काही आठवड्यांत जो व्यवहार ठरला त्याची तीन अंगं होती. पालिका बेस्टला महिन्याला शंभर कोटी देणार. बेस्ट भाडं कमी करणार. आणि ताफा सात हजारांच्या दिशेने नेणार, तोही भाडेतत्त्वावर बस घेऊन. या तिसऱ्या गोष्टीला कामगार संघटनांचा जुना विरोध होता, म्हणून जूनमधल्या करारात एक कलम आलं: स्वमालकीच्या ३,३३७ बसचा ताफा कायम राखला जाईल.

हा ३,३३७ चा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

नवे दर आटोपशीर होते. साध्या बसला पाच किलोमीटरला ५ रुपये, दहाला १०, पंधराला १५, त्यापुढे कितीही जा, २०. एसीला ६, १३, १९, २५. दिवसाचा पास साध्या बसचा ५० आणि एसीचा ६०. आधी आठ रुपयांत दोनच किलोमीटर जाता यायचं, आता पाच रुपयांत पाच. त्यामुळे कपात आठावरून पाचावर दिसत असली तरी ज्याला चार किलोमीटर जायचं होतं त्याचं भाडं दहावरून पाचावर, म्हणजे थेट अर्ध्यावर आलं. आणि रिक्षाच्या माणशी सहा रुपयांपेक्षा बस पुन्हा स्वस्त झाली. एसी बससुद्धा त्या सहाच्या बरोबरीला आली. माझ्या मते सगळ्या निर्णयाची गोम या एका रुपयात होती.

लोक परतले, आणि लगेच परतले. त्या वर्षाच्या अखेरीस रोजची प्रवासीसंख्या तीस लाखांच्या आसपास होती. वाहतूकशास्त्रात एक जुना समज आहे की बसचा प्रवासी भाड्यापेक्षा सेवेला अधिक जागतो, भाडं कमी करून फार कोणी येत नाही. मुंबईने हा समज निदान छोट्या अंतरापुरता खोटा ठरवला. अर्थात आठाच्या जागी पाच घेतले तर तेवढ्याच उत्पन्नासाठी प्रवासी साठ टक्क्यांनी वाढावे लागतात. तेवढे लगेच वाढणार नव्हतेच. महिना शंभर कोटी त्या फरकासाठीच होते.

मग मार्च २०२० आला. लोकल बंद, मेट्रो बंद. रुग्णालयातल्या परिचारिका, सफाई कामगार, पोलीस यांना कामावर नेण्याचं काम बेस्टने केलं, मदतीला एसटीच्या गाड्या होत्या. १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत सर्वसामान्यांना लोकल बंद होती, त्या काळात लाखो लोकांनी विरार-कल्याणच्या बाजूने येण्यासाठी मिळेल ती बस पकडली. 'बस तोट्यात चालते' हे वाक्य त्या दहा महिन्यांत फारसं ऐकू आलं नाही.

बस कुठे गेल्या?

इथून प्रकरण वाकडं होतं.

भाडं खाली आणायला एक ठराव आणि एक परिपत्रक पुरतं. बस आणायला निविदा, कर्ज, आगार, चार्जिंग, चालक, प्रशिक्षण आणि वर्षं लागतात. २०१९ नंतर पहिलं काम एका झटक्यात झालं आणि दुसरं रखडत राहिलं. जुन्या बसची पंधरा वर्षं भरत गेली, त्या भंगारात निघाल्या, त्यांच्या जागी स्वमालकीच्या नव्या बस आल्या नाहीत. ३,३३७ चं वचन कागदावर राहिलं. २०२५ पर्यंत स्वमालकीच्या बस हजाराच्याही खाली आल्या आणि भाड्याच्या धरून एकूण ताफा तीन हजारांपर्यंतही पोचत नव्हता. सात हजारांचं लक्ष्य मधल्या काळात दहा हजारांवर गेलं. बस जसजशा कमी होतात तसतशी लक्ष्यं वाढत जातात, हा सरकारी कामकाजातला एक गमतीदार नियम आहे.

केंद्र सरकारच्या सेवा-निकषांत चांगल्या शहरासाठी दर लाख लोकसंख्येमागे साठ बस धरल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. साठच्या हिशेबाने सुमारे ७,४४० बस होतात. म्हणजे सात हजारांचं लक्ष्य मुळीच हवेतलं नव्हतं. तीन हजार बस धरल्या तरी लाखामागे चोवीसच येतात.

भाडेतत्त्वाची पद्धत, बोलीभाषेत 'वेट लीज', अशी: बस कंत्राटदाराची, चालक त्याचा, दुरुस्ती त्याची. बेस्ट वाहक देते, मार्ग ठरवते आणि किलोमीटरमागे दर चुकता करते. कागदावर सुटसुटीत. उपक्रमाला एकरकमी भांडवल लागत नाही, बस नादुरुस्त झाली तर तिचे किलोमीटर मोजले जात नाहीत. पण निविदा सगळ्यात कमी दराला जाते. डिझेल वाढलं, पगार वाढवायची वेळ आली की त्या दरात भागत नाही. मग आधी दुरुस्तीला कात्री लागते, पगार लांबतात, आणि शेवटी कंत्राटदार 'परवडत नाही' म्हणून गाड्या उभ्या करतो. २०२२ पासून हे एकाहून अधिक वेळा घडलं. एका सकाळी शेकडो बस रस्त्यावरून नाहीशा होतात, आणि स्वमालकीचा ताफा आधीच आटलेला असल्याने त्यांच्या जागी पाठवायला आगारात काही नसतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरच्या चालकांनी काम बंद केलं. त्यांची मागणी साधी होती: तोच मार्ग, तीच गर्दी, तेच तास, मग बेस्टच्या चालकाचा पगार आणि आमचा पगार यात एवढा फरक का? ही माणसं कंत्राटदाराची, त्यामुळे बेस्ट त्यांच्याशी थेट बोलू शकत नव्हती. प्रवासी मात्र बेस्टच्या नावाने बोटं मोडत होते, कारण बसवर अक्षरं बेस्टची.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला ३३२ क्रमांकाची भाडेतत्त्वावरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि त्यात जीव गेले. प्रकरण न्यायालयात आहे, दोष कोणाचा यावर इथे बोलण्यात अर्थ नाही. पण क्लच-गिअरच्या गाडीवर वर्षानुवर्षं हात बसलेल्या चालकाला क्लच नसलेल्या, दाबताक्षणी उसळणाऱ्या गाडीवर बसवण्यापूर्वी किती दिवस शिकवायचं, आणि ते शिकवलं की नाही हे कोणी तपासायचं, हा प्रश्न त्या रात्रीनंतर सगळ्यांनी विचारला. तो निविदेच्या वेळीच विचारायला हवा होता.

इलेक्ट्रिक बसचीही अशीच गोष्ट. फेब्रुवारी २०२३ मध्ये एसी डबलडेकर आली, तिच्याबरोबर भरपूर फोटो निघाले. जुनी साधी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला निवृत्त झाली, तिला लोकांनी हार घातले. नव्या डबलडेकर ठरल्या होत्या नऊशे, रस्त्यावर आल्या पन्नासच्या घरात. एकमजली इलेक्ट्रिक बसच्या एका मोठ्या निविदेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२३ मध्ये निकाल लागला. इलेक्ट्रिक बस धूर सोडत नाही हे खरं. रस्त्यावर न आलेली इलेक्ट्रिक बसही धूर सोडत नाही, फक्त तिच्याऐवजी विकत घेतलेल्या दुचाक्या सोडतात.

थांब्यावरचा हिशेब

संध्याकाळी सहा-साडेसहाला वांद्रे-कुर्ला संकुलात उभं राहिलं की सगळं प्रकरण एका जागी दिसतं. कुर्ला स्टेशनला जाणारी ३१० ही इथली हुकमी बस. ऑफिसं सुटतात, रांग थांब्याच्या शेडबाहेर येते, मग वळसा घेते. मशीन घेतलेला वाहक काही ठिकाणी थांब्यावरच तिकिटं फाडतो, म्हणजे बस भरताना वेळ जाऊ नये. पलीकडे शेअर रिक्षावाले 'कुर्ला, कुर्ला, एक सीट' म्हणून ओरडत असतात. चौथा माणूस चालकाच्या शेजारी अर्धा बाहेर. रांगेतला माणूस दर मिनिटाला मान वळवून रस्त्याकडे बघतो आणि मग रिक्षाकडे. दोन-तीनदा असं झालं की पाच-सात जण रांग सोडतात.

मग बस येते, तुडुंब. तिच्या मागे वीस मीटरवर दुसरी ३१०, जवळपास रिकामी.

यावर लोक हसतात, 'येत नाही तर येतच नाही, आणि येते तेव्हा जोडीने येते.' पण यात कोणाचा आळस नाही, साधं गणित आहे. एक बस सिग्नलला दोन मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं साठलेली असतात. ती चढायला वेळ लागतो, बस आणखी मागे पडते, त्यापुढे आणखी माणसं. तिच्या मागच्या बसला मात्र थांबे मोकळे मिळतात, ती पळत येऊन पहिलीला गाठते. दहा-दहा मिनिटांनी एकेक बस आली तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. त्याच बस दोन-दोनच्या जोडीने वीस मिनिटांनी आल्या तर सरासरी दहा. बस तेवढ्याच, डिझेल तेवढंच, पगार तेवढाच, वाट पाहणं दुप्पट. आणि बारा मीटरच्या बसच्या जागी नऊ मीटरची मिडी दिली की पहिली बस भरून दार लागतं, मागचे तसेच उभे.

म्हणून मला २०१९ च्या व्यवहारातलं मुख्य न्यून असं वाटतं: त्यात रुपयांचा विचार झाला, मिनिटांचा झाला नाही. प्रवासी दोन्ही मोजतो. पाच रुपयांच्या बससाठी पंचवीस मिनिटं उभं राहावं लागलं तर ती वीस रुपयांच्या शेअर रिक्षापेक्षा महाग पडते, निदान ज्याला अंबरनाथची लोकल पकडायची आहे त्याला.

मिनिटं कमी करण्याचे उपाय महागडे नाहीत, पण अप्रिय आहेत. बससाठी रस्त्याची एक मार्गिका राखायची म्हणजे ती मोटारींकडून काढून घ्यायची. सगळ्या शहरात नको; कुर्ला स्टेशनचा चौक, शीव, अंधेरीचा पट्टा अशा जिथे बस हमखास अडकते तेवढ्या जागी, गर्दीच्या वेळेपुरती. स्टेशनबाहेरची पन्नास मीटर जागा रिक्षा आणि फेरीवाल्यांऐवजी बसला. कंत्राटात नुसते किलोमीटर मोजण्याऐवजी दोन बसमधलं अंतर मोजायचं. जीपीएस गाडीत आहेच, डिसेंबर २०२१ पासून ॲपवर बस कुठे आहे ते प्रवाशालाही दिसतं. आणि ताफ्याचा निदान अर्धा भाग स्वतःचा ठेवायचा, म्हणजे कंत्राटदाराने हात वर केले तरी शहर उघडं पडत नाही. यातला शेवटचा मुद्दा खर्चिक आहे हे मान्य. मग खर्चाचंच बोलू. किनारी रस्त्याचा खर्च तेरा हजार कोटींच्या पुढे गेला. महिना शंभर कोटींच्या दराने तेवढ्या पैशात बेस्टला जवळपास अकरा वर्षं मदत करता आली असती. रस्ता नको होता असं मी म्हणत नाही. पण त्या पैशाला कोणी 'तूट' म्हटलं नाही, आणि बसला दिलेल्या पैशाला दरवर्षी म्हणतात. पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, त्यात बेस्टसाठी एक हजार कोटी. शंभर रुपयांतले सुमारे एक रुपया चौतीस पैसे.

९ मे

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची पहिली ट्राम निघाली. कुलाबा ते पायधुणी तीन आणे भाडं होतं. लोकांना ती आवडली, तेव्हा कंपनीने त्याच वर्षी दोन आणे केलं.

९ मे २०२५ रोजी बेस्टने किमान भाडं साध्या बसला पाचाचं दहा आणि एसीला सहाचं बारा केलं. दिवसाचा साठ रुपयांचा पास पंचाहत्तरचा झाला. उपक्रमाची अडचण खरी होती. सहा वर्षांत डिझेल, वीज, पगार, कंत्राटाचे दर सगळं वाढलं होतं आणि भाडं तिथेच होतं. दरवर्षी एखाद रुपयाची वाढ केली असती तर कोणाच्या लक्षातही आली नसती. सहा वर्षं काही करायचं नाही आणि मग एका रात्रीत दुप्पट, हीच आपल्याकडची पद्धत. उत्पन्न वाढलं, प्रवासी घटले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं होतं. तिघांत वाटलं तर माणशी पावणेनऊच्याही आत. बसला दहा. पाच किलोमीटर जायचं असेल तर बस अजूनही कितीतरी स्वस्त आहे, पण स्टेशन दीड किलोमीटरवर असतं. कुर्ल्याच्या स्टँडवर तिघे जमले की चालक मीटर टाकतो आणि रांगेतली तीन माणसं कमी होतात.